घटनास्थळावरून मनाचा माग

१८८८ सालच्या नोव्हेंबर महिन्यातील ही गोष्ट आहे. लंडनच्या पूर्व भागात व्हाइटचॅपेल नावाची दाट व दरिद्री वस्ती होती. ऑगस्टच्या अखेरीपासून तेथे एकामागून एक स्त्रियांचे खून पडत होते आणि खुनी कोण याचा पोलिसांना थांग लागत नव्हता. ९ नोव्हेंबर रोजी मिलर्स कोर्ट या बोळातील एका खोलीत पाचवे प्रेत सापडले. वेस्टमिन्स्टर विभागाचे पोलीस शल्यचिकित्सक डॉ. टॉमस बाँड यांनी ते जागेवर जाऊन पाहिले व शवविच्छेदनातही भाग घेतला. आधीच्या चार खुनांची टिपणे त्यांच्याकडे वाचण्यासाठी आलेलीच होती. दुसऱ्या दिवशी त्यांनी स्कॉटलंड यार्डचे अधिकारी रॉबर्ट अँडरसन यांना एक अहवाल लिहून पाठविला. घटनास्थळावरील खुणा पाहून अज्ञात खुन्याच्या मनाचे चित्र रेखाटण्याचा हा जुन्यात जुन्या लेखी प्रयत्नांपैकी एक मानला जातो.

हा अहवाल नीट वाचला तर त्याचे दोन भाग पडतात, आणि त्या दोहोंची जात अगदी निराळी आहे. पहिल्या भागात बाँड सांगतात की, पाचही खून एकाच हाताने झाले आहेत. मारल्या गेल्या त्या वेळी स्त्रिया आडव्या पडलेल्या होत्या. प्रथम गळा चिरण्यात आला व शरीराची विटंबना त्यानंतर झाली. झटापटीची चिन्हे दिसत नाहीत, त्यावरून हल्ला अचानक झाला असावा. पाते टोकदार, अतिशय धारदार, सुमारे एक इंच रुंद व निदान सहा इंच लांब असावे. शेवटच्या खोलीतील चादरीचा एक कोपरा बराच कापलेला व रक्ताने भिजलेला होता. त्यावरून हल्ल्याच्या वेळी त्या स्त्रीचे तोंड चादरीने झाकलेले असण्याचा संभव त्यांनी नोंदविला आहे. ही सर्व विधाने जखमांवर, रक्ताच्या डागांवर, कापडावर बोट ठेवून केलेली आहेत. ती चुकीची ठरू शकतील, पण का चुकली हे दुसऱ्या वैद्याला त्याच खुणांवरून दाखविता येईल.

दुसऱ्या भागात बाँड खुन्याचे वर्णन करतात. तो अंगाने बळकट, थंड डोक्याचा व धाडसी असला पाहिजे. त्याला अधूनमधून हिंसेचे व कामवासनेचे झटके येत असावेत. दिसायला मात्र तो शांत, निरुपद्रवी, बहुधा मध्यमवयीन आणि नीटनेटक्या कपड्यांतला असेल. अंगावर झगा किंवा मोठा कोट घालण्याची त्याला सवय असावी, कारण त्यावाचून हातावरचे व कपड्यांवरचे रक्त रस्त्यावरील लोकांच्या नजरेतून सुटले नसते. तो एकलकोंडा व विक्षिप्त असावा, त्याला नियमित कामधंदा नसावा, परंतु थोडेफार उत्पन्न किंवा निवृत्तिवेतन असावे. ज्या प्रतिष्ठित माणसांत तो राहतो, त्यांना त्याच्या डोक्यात काही बिघाड असल्याची शंका येतही असेल.

कोटाचे अनुमान पटण्यासारखे आहे, कारण त्याच्यामागे रक्ताचा पुरावा उभा आहे. परंतु निवृत्तिवेतन कोठून आले? कोणती जखम किंवा कोणता डाग ते सांगतो? हे खून शुक्रवार, शनिवार व रविवार या दिवशी झाले होते. तेवढ्यावरून, खुनी आठवडाभर कोठेतरी नोकरी करणारा व सुटीच्या सुमारास मोकळा होणारा माणूस असावा, असा नेमका उलट तर्कही लढविण्यात आला आहे. तारखा त्याच, पण माणूस निराळा. शरीरशास्त्राच्या ज्ञानाविषयीही असाच मतभेद होता. खुन्याला कसायाइतकेही ज्ञान नाही, असे बाँड यांचे ठाम मत होते. उलट यांपैकी एका खुनाची तपासणी करणारे डॉ. फिलिप्स व दुसऱ्याची तपासणी करणारे डॉ. ब्राऊन यांना खुन्याला शरीराच्या अंतर्रचनेची चांगली माहिती असल्याचे दिसले. खुनी कधीच सापडला नाही. त्यामुळे बाँड यांनी रेखाटलेले चित्र आजवर ना खरे ठरले, ना खोटे. ज्या चित्राची परीक्षा कधी झालीच नाही, त्याची कीर्ती टिकून राहणे सोपे असते, हे येथे लक्षात ठेवावयास हवे.

त्या काळात गुन्ह्याच्या शोधाला शास्त्राचे रूप देण्याची खटपट युरोपात सुरू झालेली होती. ऑस्ट्रियातील न्यायदंडाधिकारी हान्स ग्रोस यांनी १८९३ साली तपासकार्यावर एक जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. भारतीय वाचकाला कुतूहल वाटेल अशी गोष्ट ही की, त्याचे हिंदुस्थानातील परिस्थितीला जुळवून घेतलेले इंग्रजी रूपांतर १९०६ साली मद्रास येथे निघाले. त्याच्या काही वर्षे आधी, १८९७ साली, कलकत्त्यात बोटांच्या ठशांचे कार्यालय स्थापन झाले होते. ठशांच्या वर्गीकरणाची पद्धत एडवर्ड हेन्री यांच्या नावाने जगभर ओळखली जाते, परंतु तिच्या उभारणीत अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोन भारतीय अधिकाऱ्यांचा मोठा वाटा होता. बोटाचा ठसा माणसाच्या स्वभावाविषयी काहीही सांगत नाही. तो रागीट आहे की शांत, विवाहित आहे की एकटा, यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर त्यात नसते. तो फक्त ‘हाच तो’ किंवा ‘हा तो नव्हे’ एवढेच सांगतो. मनाचा माग काढणाऱ्याचे नेमके उलट असते. तो माणसाविषयी पुष्कळ सांगतो, परंतु माणूस कोणता ते त्याला सांगता येत नाही.

आता हा माग काढतात कसा ते पाहू. तपासणारा प्रथम दोन गोष्टी वेगळ्या करण्याचा प्रयत्न करतो. गुन्हा तडीस जावा व आपण पकडले जाऊ नये म्हणून गुन्हेगाराने जे केले, ती त्याची कार्यपद्धती होय. हातमोजे घालणे, अंधाराची वेळ निवडणे, दाराची कडी उघडण्याची विशिष्ट युक्ती वापरणे, हे सर्व तीत येते. अनुभवाने ती बदलते. याउलट, गुन्ह्यासाठी ज्याची गरज नव्हती तरीही जे केले गेले, त्यात गुन्हेगाराच्या मनातील एखादी ओढ प्रकट होते असे मानतात. प्रेत विशिष्ट रीतीने मांडून ठेवणे किंवा मृताची एखादी क्षुल्लक वस्तू बरोबर नेणे, ही याची उदाहरणे आहेत. ही ओढ सहसा बदलत नाही आणि निरनिराळे गुन्हे एकाच माणसाचे आहेत हे तिच्यावरून ओळखता येते, असा या विद्येचा दावा आहे.

विभागणी तर्कशुद्ध आहे. अडचण येते ती प्रत्यक्ष खूण हाती घेतल्यावर. मृताचा चेहरा कापडाने झाकलेला आढळला, तर खुन्याला पश्चात्ताप झाला असावा, किंवा तो मृताच्या ओळखीचा असावा, असे आजची पुस्तके सांगतात. बाँड यांनी मात्र कापडाचा विचार केवळ हल्ल्याच्या रीतीच्या संदर्भात केला होता. तोंडावर कापड टाकण्याने ओरडणे दबते, रक्त अंगावर उडत नाही, आणि प्रेत नंतर पाहणाऱ्या शेजाऱ्यानेही ते टाकलेले असू शकते. जखमांची संख्या मोठी असली म्हणजे अतिशय द्वेष, असेही सर्रास म्हटले जाते. परंतु भेदरलेला, अननुभवी किंवा दारूच्या अमलाखालचा माणूसही पुन्हापुन्हा वार करतो. एका कारणापासून एका परिणामाकडे जाणारी वाट बहुधा सरळ असते. परिणामाकडून मागे कारणाकडे जाऊ लागले की तिला अनेक फाटे फुटतात.

तरीही या विद्येला लोकमान्यता मिळाली, ती न्यूयॉर्क शहरातील एका प्रकरणामुळे. त्यात खून झालाच नव्हता. १९४० साली कन्सॉलिडेटेड एडिसन या वीजकंपनीच्या इमारतीत एक बाँब सापडला. युद्धकाळात हे प्रकार थांबले, परंतु १९५१ पासून नाट्यगृहे, रेल्वेस्थानके, दूरध्वनीच्या खोल्या अशा ठिकाणी बाँब फुटू लागले. त्यांची एकूण संख्या तीसच्या वर गेली व पंधरा माणसे जखमी झाली. हताश झालेल्या पोलिसांनी १९५६ च्या डिसेंबरात मनोविकारतज्ज्ञ डॉ. जेम्स ब्रसेल यांचा सल्ला घेतला. त्यांनी पत्रे व छायाचित्रे पाहून सांगितले की, हा संशयविकृतीने पछाडलेला, मध्यमवयीन, अविवाहित, टापटिपीचा मनुष्य आहे. तो पकडला जाईल तेव्हा त्याच्या अंगात दुपदरी छातीचा कोट असेल व त्याची सर्व बटणे लावलेली असतील, हे त्यांचे भाकीत विशेष गाजले. जानेवारी १९५७ मध्ये जॉर्ज मेटेस्की याला रात्री त्याच्या घरी अटक झाली. रात्रीचे कपडे बदलून तो बाहेर आला तेव्हा त्याने खरोखरच तसा कोट घातला होता व त्याची बटणे लावली होती.

या कथेचा उरलेला भाग क्वचितच सांगितला जातो. मेटेस्की सापडला तो कोटावरून नव्हे. आपल्याला कामावर अपघात झाला व कंपनीने भरपाई दिली नाही, असे त्याने स्वतःच एका वृत्तपत्राला पाठविलेल्या पत्रांत लिहिले होते. कंपनीच्या कचेरीतील एका महिला कारकुनाने जुन्या भरपाईच्या दाव्यांची दप्तरे उपसली. १९३१ च्या एका अपघाताच्या फाइलीत तिला पत्रांतील शब्दांशी मिळतेजुळते शब्द आढळले. शिवाय, ब्रसेल यांच्या भाकितांचे जे रूप आज प्रसिद्ध आहे, ते बव्हंशी त्यांनी १९६८ साली प्रसिद्ध केलेल्या आठवणींतून आले आहे. वृत्तपत्रांनी त्या वेळी छापलेला मजकूर आणि या आठवणी पूर्णपणे जुळत नाहीत. कोटाविषयी म्हणावयाचे तर, तसा कोट वापरणारे नेटके मध्यमवयीन गृहस्थ त्या काळी कमी नव्हते, आणि कोट घातला की बटणे लावलीच जातात.

पुढे १९७२ साली अमेरिकेच्या केंद्रीय अन्वेषण संस्थेने, म्हणजे एफ. बी. आय.ने, व्हर्जिनियातील क्वांटिको येथे वर्तनशास्त्राचा स्वतंत्र विभाग उघडला. तेथील अधिकाऱ्यांनी तुरुंगात जाऊन छत्तीस खुन्यांच्या मुलाखती घेतल्या व त्यावरून खुन्यांचे दोन वर्ग पाडले. एक योजनापूर्वक, शस्त्र बरोबर आणून व मागे पुरावा न ठेवता खून करणारा. दुसरा उत्स्फूर्तपणे, हाती लागेल त्या वस्तूने व अस्ताव्यस्त खुणा मागे टाकून खून करणारा. पहिला बुद्धिमान, कामधंदा करणारा व बहुधा विवाहित. दुसरा एकाकी व घटनास्थळाजवळच राहणारा. ही मांडणी सुटसुटीत होती, म्हणून ती चटकन पसरली. परंतु हे छत्तीस जण काही नमुना म्हणून शास्त्रीय पद्धतीने निवडलेले नव्हते. जे पकडले गेले होते व जे बोलायला तयार झाले, ते हे लोक. खुनी आपल्याविषयी जे सांगतो त्यावर विश्वास किती ठेवावा, हा प्रश्न आणखी निराळाच. ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ डेव्हिड कँटर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली अमेरिकेतील शंभर मालिका-खुनांची छाननी केली, तेव्हा असे दोन स्वतंत्र वर्ग आकडेवारीत दिसले नाहीत. बहुतेक गुन्ह्यांत दोन्हींची लक्षणे मिसळलेली होती.

कँटर यांनी स्वतः १९८६ साली लंडन पोलिसांना मोलाची मदत केली होती, हे येथे सांगितलेच पाहिजे. रेल्वेमार्गांच्या आसपास झालेल्या बलात्कारांच्या व खुनांच्या जागा नकाशावर मांडून गुन्हेगार कोणत्या भागात राहत असावा, याचा अंदाज त्यांनी बांधला. सतरा विधानांपैकी तेरा बरोबर निघाली आणि संशयितांच्या लांबलचक यादीतील एक नाव त्यामुळे वर आले. जागा, अंतर, वेळ या गोष्टी मोजता येतात, म्हणून चूक असली तर ती उघडी पडते. माझ्या मते या सर्व विद्येचा सर्वांत भक्कम भाग हाच आहे.

स्वभावचित्राचे भक्कमपण तपासून पाहण्याचेही प्रयत्न झाले आहेत. मोक्रोस व ॲलिसन या संशोधकांनी २००२ साली इंग्लंडमधील शंभर बलात्काऱ्यांची तुलना केली. ज्यांच्या गुन्ह्याची रीत सारखी होती त्यांचे वय, शिक्षण, नोकरी वा पूर्वीचे गुन्हे सारखे आढळले नाहीत. दुसरा प्रयोग अधिक बोलका आहे. पोलीस अधिकाऱ्यांच्या दोन गटांना एकच स्वभावचित्र देण्यात आले. एका गटाला प्रत्यक्ष गुन्हेगाराची माहिती दिली, तर दुसऱ्याला पूर्णपणे कल्पित व अगदी वेगळ्या गुन्हेगाराची. दोन्ही गटांतील बहुतेकांना ते चित्र आपापल्या गुन्हेगाराशी थोडेफार तरी जुळते असे वाटले. यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. ‘त्याला स्त्रियांशी मोकळेपणाने वागता येत नाही’, ‘तो वरकरणी शांत असला तरी आतून धुमसत असतो’, अशी वाक्ये पुष्कळांना लागू पडतात. वर्तमानपत्रातील राशिभविष्य वाचणाऱ्याला हा अनुभव रोजचाच आहे. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४८ साली आपल्या एकोणचाळीस विद्यार्थ्यांना ‘तुमचे खास व्यक्तिमत्त्व-वर्णन’ म्हणून एकच मजकूर वाटला होता, आणि तो किती तंतोतंत जुळतो याला विद्यार्थ्यांनी पाचांपैकी सरासरी चारांहून अधिक गुण दिले होते.

आपल्याकडील एक प्रकरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. १९६८ साली मुंबईच्या उपनगरांत रस्त्याकडेला व झोपड्यांत झोपलेल्या गरीब माणसांचे रात्री डोक्यात जड वस्तूचे घाव घालून खून होऊ लागले. असेच हल्ले १९६५-६६ मध्येही झाले होते. तपासाची सूत्रे रमाकांत कुलकर्णी यांच्याकडे होती. २७ ऑगस्ट १९६८ रोजी उपनिरीक्षक ॲलेक्स फियालो यांनी पोलिसांच्या दप्तरातील छायाचित्रे व वर्णने यांवरून एका मनुष्याला ओळखून ताब्यात घेतले. त्याच्याजवळ चष्मा, कंगवे, कात्री, साबण, लसूण व चहाची पूड असल्या वस्तू निघाल्या. बोटांच्या ठशांवरून तो रामन राघव असल्याची खात्री पटली. पूर्वी एकदा तो पोलिसांच्या हाती लागला होता, परंतु पुराव्याअभावी सुटला होता.

सत्र न्यायालयाने त्याला फाशीची शिक्षा सुनावली. उच्च न्यायालयाने ती कायम करण्यापूर्वी तीन मनोविकारतज्ज्ञांचे मंडळ नेमून त्याची तपासणी करविली. या मंडळाने त्याच्याशी समोरासमोर अनेकदा बोलणे केले. देशात अकबराचे, ब्रिटिशांचे व काँग्रेसचे अशी तीन सरकारे असून ती आपला छळ करीत आहेत व आपल्यापुढे मोहाची जाळी टाकीत आहेत, अशी त्याची पक्की समजूत असल्याचे त्यांना दिसून आले. छिन्नमनस्कतेच्या जुनाट विकाराने तो ग्रस्त आहे, असे निदान झाले व फाशी रद्द होऊन जन्मठेप देण्यात आली. १९९५ साली पुण्याच्या ससून रुग्णालयात तो मरण पावला. झोपडीतील रक्ताच्या थारोळ्यात किंवा फुटलेल्या कवटीत अकबराचे सरकार कोणालाही दिसले नसते. त्याचे मन कळले ते माणूस समोर बसल्यावर, आणि तो बोलू लागल्यावर.

न्यायालयात स्वभावचित्राला काय स्थान आहे? भारतात १८७२ च्या पुरावा अधिनियमाने आणि १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाने तज्ज्ञाचे मत विचारात घेण्याची मुभा दिली आहे. परंतु आरोपीचे शील वाईट आहे ही गोष्ट, त्याने स्वतः आपल्या चांगल्या शीलाचा पुरावा पुढे केल्याखेरीज, फौजदारी खटल्यात सर्वसाधारणपणे प्रस्तुत मानली जात नाही. अमुक स्वभावाचा माणूस असे करील, आणि आरोपी त्या स्वभावाचा आहे, म्हणून त्याने ते केले, हा तर्क कायद्याने दाराशीच अडविला आहे. हा अडसर नसता तर काय होते, हे इंग्लंडमधील एका प्रकरणावरून कळते.

१५ जुलै १९९२ रोजी लंडनमधील विम्बल्डन कॉमन या मोकळ्या रानात एका तरुण मातेचा तिच्या लहानग्या मुलाच्या डोळ्यांदेखत भोसकून खून झाला. सारा देश हादरला. पोलिसांनी एका मानसशास्त्रज्ञाकडून खुन्याचे स्वभावचित्र करवून घेतले व त्याच्या विकृत कल्पनांचे स्वरूप काय असेल तेही विचारले. परिसरात राहणारा, बेकार व एकटा असा एक मनुष्य त्या चित्राशी जुळतो असे ठरले. त्याच्याविरुद्ध भौतिक पुरावा नव्हता. तेव्हा एका महिला पोलिसाने नाव बदलून त्याच्याशी पत्रमैत्री केली. कित्येक महिने ती प्रेमाचे आमिष दाखवून त्याच्याकडून हिंसक कल्पना वदवून घेत राहिली. त्याने तिला खूश करण्यासाठी कल्पना लिहिल्या, परंतु खून केल्याचे एकदाही कबूल केले नाही. जितके लिहिले तितके चित्राशी जुळत गेले, आणि जुळते आहे म्हणून आणखी लिहविले गेले. ऑगस्ट १९९३ मध्ये त्याला अटक झाली. सप्टेंबर १९९४ मध्ये न्यायमूर्ती ऑग्नल यांनी पोलिसांच्या फसवणुकीवर कडक ताशेरे ओढून हा सर्व पुरावा नाकारला व खटला तेथेच संपला. तोपर्यंत त्या मनुष्याचे एक वर्षाहून अधिक काळ तुरुंगात गेले होते. सुटल्यावरही लोक त्याला कित्येक वर्षे खुनीच समजत.

खरा खुनी रॉबर्ट नेपर हा होता. आपल्या मुलाने बलात्कार केल्याचे कबूल केले आहे, हे त्याच्या आईने १९८९ सालीच पोलिसांना कळविले होते. पुढे बलात्कारांच्या दुसऱ्या एका मालिकेत त्याचे नाव पुढे आले, तेव्हा उंची वर्णनाशी जुळत नाही म्हणून त्याला वगळण्यात आले. नोव्हेंबर १९९३ मध्ये, म्हणजे भलताच माणूस तुरुंगात असताना, नेपरने प्लमस्टेड येथे एका तरुणीचा व तिच्या चार वर्षांच्या मुलीचा तिच्याच घरात खून केला. त्या घरातील बोटाच्या ठशावरून तो पकडला गेला. विम्बल्डनच्या मृत स्त्रीच्या अंगावरून घेतलेल्या अत्यल्प नमुन्यातील डी. एन. ए. त्याच्याशी जुळल्याचे पुढे नव्या तंत्रामुळे सिद्ध झाले, आणि १८ डिसेंबर २००८ रोजी त्याने लंडनच्या न्यायालयात तो खूनही आपणच केल्याचे मान्य केले. त्याच वर्षी त्या निरपराध मनुष्याला सात लाख सहा हजार पौंडांची भरपाई देण्यात आली. प्लमस्टेडच्या त्या मुलीचे वय आज पस्तिशीच्या आसपास असते.